शेपटीतलं हाड

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, या महाविद्यालयाचे प्राचार्य मा. महारुद्र देवकते साहेब. आजचे सत्कारमूर्ती, प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख आणि एकेकाळी माझ्यासमोर पाटी घेऊन बसलेले डॉ. भीमाशंकर खानापुरे सर. त्यांचा संसार आणि त्यांच्या पाली, दोन्ही न कुरकुरता सांभाळणाऱ्या सौ. चन्नबसम्मा वहिनी; व्यासपीठावरील इतर मान्यवर; समोर बसलेले प्राध्यापक, कर्मचारी, पालमपासून एसटीला लटकून आलेले विद्यार्थी-विद्यार्थिनी; आणि पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

खुर्चीला नमस्कार कशाला, असं मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं. ऐकू येतं मला अजून. त्या खुर्चीच्या पाठीवर ‘सौ. कस्तुराबाई’ असा कागद चिकटवला आहे. ती माझी पत्नी. सूत्रसंचालकांनी मघाशी अतिशय गोड आवाजात सांगितलं, की गुरुजींच्या सौभाग्यवतींची प्रकृती बरी नसल्यामुळे त्या येऊ शकल्या नाहीत. मंडळी, तिची प्रकृती ठणठणीत आहे. सकाळी तिनं ज्वारी निवडली, अंगण झाडलं आणि माझ्याशी कडाडून भांडली. ती का आली नाही, ते ओघात येईलच.

प्राचार्य साहेब माझ्या कानात म्हणाले, “गुरुजी, जरा थोडक्यात.” कवितेच्या नादी लागून म्हाताऱ्या झालेल्या मास्तराला थोडक्यात बोल म्हणणं म्हणजे आंब्याला यंदा एकाच फांदीला मोहर धर म्हणण्यासारखं आहे. पण प्रयत्न करतो.

माझं काम खरं तर छोटं आहे. शाल झाली, श्रीफळ झालं, हार झाले. आता विभागातर्फे सरांना एक स्मृतिचिन्ह द्यायचं आहे आणि ते माझ्या हातून द्यायचं आहे. टेबलावर मखमलीच्या कापडाखाली झाकून ठेवलं आहे, ते हेच. थांबा, कापड काढतो. हं. दिसतं का मागे? सोनेरी चौकटीची काचपेटी, तिच्यात बाटली, बाटलीत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये एक पाल. डोकं खाली, शेपूट वर. खाली चिठ्ठीवर लॅटिन नाव आहे. त्यातला दुसरा शब्द आहे ‘मनकर्णाए’.

मनकर्णा माझी मुलगी. उशिरा झालेली, एकुलती एक. माझ्या आईचं नाव ठेवलं होतं. याच महाविद्यालयात, याच सरांच्या हाताखाली शिकत होती. वीसेक वर्षं झाली तिला जाऊन. साध्या तापाचं निमित्त झालं. माहेरी असताना मुली हट्टानं परत जायला नाही म्हणतात ना, तशी ती जायला नाही म्हणत होती. पण गेली.

असो. निरोपाच्या कार्यक्रमात डोळे पुसायचा मान सत्कारमूर्तींचा असतो. मी घेत नाही.

भीमाशंकर सरांना मी पिंगळीच्या शाळेत शिकवलं. काय दिवस होते ते! शाळेला पत्रे होते, पत्र्यांवर चिंचेची फांदी वाऱ्यानं घासायची आणि तिच्या त्या आवाजाच्या ठेक्यावर पोरं कविता म्हणायची. भुजंगप्रयातात अख्खा वर्ग डुलायचा. अजून दुपारी डोळा लागला की मला तो आवाज ऐकू येतो, आणि जाग आली की कळतं, पंखा आहे. त्या पोरांत भीमाचा आवाज सगळ्यांत खडा. कपाळाला भस्म, केसांना तेल, आणि पाठांतर असं की मला पुस्तक उघडावं लागत नसे. एकदा तालुक्याच्या स्पर्धेत कविता म्हणताना मधली एक ओळ तो विसरला. दुसरा मुलगा रडला असता. भीमा रडला नाही. त्यानं उभ्या उभ्या स्वतःची एक ओळ रचून त्या जागी बसवली. वृत्त चुकलं नाही, यमक चुकलं नाही. परीक्षकांना पत्ताच लागला नाही. पहिलं बक्षीस. परतीच्या बैलगाडीत माझ्याकडे बघून मिश्कील हसला. म्हणाला, “गुरुजी, कुणालाच कळलं न्हाई!”

सर, तुम्ही आत्ताही तसंच हसताय. छान दिसतं हसू. जपून ठेवा, पुढे लागेल.

आता या पालीकडे येतो. विद्यार्थ्यांना माहीत असेल, पण आमच्यासारख्यांसाठी सांगतो. आपल्याला पाल म्हणजे पाल. अंगावर पडली की अंघोळ करायची, विषय संपला. पण शास्त्रज्ञांना तसं चालत नाही. दोन पाली शेजारी शेजारी भिंतीवर बसलेल्या, एकीसारखी एक. त्या एकाच जातीच्या की दोन वेगळ्या, हे ठरवायचं कसं? मला हे ज्ञान या वयात झालं. दिलं कुणी? त्या तिकडे, खांबाच्या आडोशाला बसली आहे ती मुलगी, अपेक्षा. पालमची. सरांच्याच हाताखाली ती आपल्या जिल्ह्यातल्या पालींवर पीएचडी करते आहे. अशी मान खाली घालू नकोस, बाळ. तुझी काही चूक नाही.

गेल्या महिन्यात ती आमच्या घरी आली. कस्तुरानं चहा केला. पोरगी चहा घेईना, नुसती कप हातात धरून बसली. मग म्हणाली, “बाबा, मला तुमाला एक विचारायचंय. तुमी न्हाई म्हणलात तर मी माझं लिहिलेलं फाडून टाकते अन् गावाकडं जाते.”

मी म्हटलं, “आधी सांग तर.”

तिनं आमच्याच भिंतीवरची पाल चिमटीत अलगद धरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. “रंगावर जाऊ नका बाबा. रंग लय फसवा असतो. दिवसा गडद, रात्री फिका. हे बघा, बोटाखाली पट्ट्या हायत. किती अन् कशा, ते बघायचं. पाठीवर हे खडबडीत दाणे, त्यांच्या रांगा बघायच्या. नराच्या मांडीखाली बारीक छिद्रं असतात, ती मोजायची. शेपटीवर दाणे हायत का, शेपटीखालचे खवले अरुंद की रुंद. अन् सगळ्यात शेवटी आतला वंश, तो डीएनए.”

मी तर हरखून गेलो! अहो, हे तर मी जन्मभर करत आलो. इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा, दोन्ही वृत्तं ऐकायला जुळ्या बहिणी. फरक कुठे? फक्त ओळीच्या पहिल्या अक्षरात. एकीत ते गुरू, दुसरीत लघू. बाकी सगळं तेच. पण त्या एका अक्षरानं जात बदलते. मी तिला दोन्ही चालीवर म्हणून दाखवलं. ती हसली. म्हणाली, “अगदी असंच, बाबा. पण ते पहिलं अक्षर खरंच तसं पाहिजे. म्हणणाऱ्यानं चुकून तसं म्हणलेलं नसावं.”

आणि मग तिनं सांगितलं. मनकर्णाच्या नावाची पाल आणि आपल्या घराघरातली साधी पाल, यांच्यात बोटं सारखी, पाठ सारखी. बाटलीतली मादी आहे, म्हणून मांडीची छिद्रं बघायची सोयच नाही. फरक एकच, शेपटीचा. साध्या पालीच्या शेपटीवर दाण्यांची वर्तुळं असतात. हिची शेपूट गुळगुळीत आणि खाली रुंद खवले. त्या शेपटीच्या भरवशावर सरांनी नवी जात जाहीर केली. अपेक्षा त्याच बारवेवर उन्हातान्हात फिरली, जिथून ती पाल आली होती. मिळाल्या त्या सगळ्या साध्या. वंशही साधाच. गुळगुळीत शेपटीची एकही नाही.

नाही कशी? मी म्हटलं, “अगं, गुळगुळीत असणारच. आमच्या मनूच्या पालीची शेपूट नंतर उगवलेली.”

अपेक्षानं कप खाली ठेवला.

मंडळी, त्याचं असं झालं होतं. मनूनं ती पाल आमच्या गावच्या बारवेतून आणली आणि खिडकीत काचेच्या झाकणाच्या पेटीत पाळली. एक दिवस कस्तुरा पेटी पुसत होती. पाल पळेल या भीतीनं तिनं झाकण दाणकन आपटलं आणि शेपूट मुळापासून तुटली. तुटलेली शेपूट फरशीवर एकटीच नाचत होती. कस्तुरा किंचाळली. मनू आईशी बोलेना. मग हळूहळू नवी शेपूट फुटायला लागली. रोज संध्याकाळी मनू मला हाक मारायची, “आबा, या, आज एवढी झाली.” कवितेचा तास असल्यासारखे आम्ही दोघं त्या पेटीसमोर बसायचो. शेपूट पुरी झाली त्या दिवशी ती आईशी बोलली. ते आमच्या घरातलं शेवटचं सुख. त्यानंतर ताप आला.

अपेक्षानं विचारलं, “बाबा, तुमी हे सरांना सांगितलं होतं?”

मी म्हटलं, “मी नाही.”

आतून आवाज आला. “मी सांगितलं होतं की! मनू गेल्यावर सर भेटाया आले तवा. पेटीकडं बघून म्हनले, हिला मी कालेजात न्हेऊ का. मी म्हनलं, न्या, पर जपून, हिची शेपूट माझ्या हातानं तुटली व्हती, नवी आलीय, पुन्हा तुटू दिऊ नका. ‘हो का, काकू,’ म्हनले. च्या पिले अन् मांडीवर पेटी घिऊन रिक्षात बसले.”

हो का, काकू.

सर, घाम पुसा. शाल या दिवसांत गरम होतेच.

पुढच्या वर्षी याच सभागृहात नारळ फुटला. नवी जात! परभणीची पाल! पेपरात फोटो आला, एका बाजूला पाल, एका बाजूला आमची मनू. कस्तुरा किती रडली त्या दिवशी, आणि किती हसली. तुम्हाला ठाऊक आहे, पाल चुकचुकली की आपल्याकडे बायका बोटांनी जमिनीवर टिचकी मारतात आणि ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणतात. त्या दिवसापासून कस्तुरा ‘कृष्ण’ म्हणत नाही. पाल चुकचुकली की टिचकी मारते आणि म्हणते, “बोल मनू.” इतकी वर्षं. आमच्या घरात पालीला कुणी झाडू दाखवत नाही.

तर गेल्या महिन्यातल्या त्या दिवशी अपेक्षाला कस्तुरानं विचारलं, “मंग शेपटीनं काय व्हतंय?” पोरीनं खाली बघत सगळं समजावलं. कस्तुरानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजी माझ्या हातानं तुटली, म्हनून माझ्या लेकीला नाव मिळालं?”

अपेक्षा भिंग रुमालात गुंडाळायला लागली.

“अन् आता तू ते पुसाया आलीस?”

शास्त्राची रीत निर्दय असते, मंडळी. दोन जाती एकच निघाल्या की जुनं नाव राहतं आणि नवं नाव त्याच्या पोटात जातं. पुढे कुठल्या तरी जाड पुस्तकात, बारीक अक्षरात, ‘हे नाव चुकून दिलं होतं’ एवढ्यापुरतं ते उरतं. आमच्या मनूचं तसं होणार.

पण ते ठरवायला आमची साक्ष चालत नाही. मी विचारलं ना! म्हटलं, मी आणि ही दोघं लिहून देतो. अपेक्षा म्हणाली, “न्हाई बाबा, आठवण चालत न्हाई. ज्या एका प्राण्यावरून नाव ठेवलं, तोच साक्षीदार. जगात कुणालाही शंका आली तर त्याला तो बघता आला पाहिजे. अन् तो सरांच्या कपाटात हाय, कुलपात.” खऱ्या शेपटीत मणके असतात. पुन्हा उगवलेल्या शेपटीत मणके नसतात, नुसती एक मऊ कूर्चेची दांडी असते. वरून शेपूट, आत हाड नाही. एक एक्स-रे काढला की झालं. पालीला धक्कासुद्धा लागत नाही.

हा एक्स-रे तिनं किती वेळा मागितला, ते सरांना विचारा. आधी चावी हरवली. मग स्पिरिट बदलायचं होतं. मग सर तिला म्हणाले, आणि हे मी तिच्या तोंडून काढून घेतलं, ती सांगत नव्हती. म्हणाले, “ते म्हातारा-म्हातारी त्या नावावर जिवंत हायत. मेलेल्या पोरीला दुसऱ्यांदा मारायलीस का तू?”

काय वाक्य आहे! वृत्तात बसवण्यासारखं.

माइकवाल्या भाऊ, आवाज कमी करू नका. प्राचार्य साहेबांनी तुम्हाला खूण केली असेल, पण मी वर्गात विनामाइक शिकवलेलं आहे. चिंचेखाली.

सर, तुम्ही पहिल्यांदा हे दयेपोटी केलं असेल, असं मानायला मी तयार आहे. दारात मांडव असायच्या वयाची पोर गेलेली, आई रडते आहे, आपल्या हाती एक नाव देण्यासारखं आहे. द्यावंसं वाटतं. माणूस आहे. पण दया एकदा होते, सर. बढती दोनदा झाली. आणि दोन्ही वेळा याच शेपटीला धरून तुम्ही वर चढलात. विसरलेल्या ओळीच्या जागी तुम्ही तुमची ओळ बसवलीत. वृत्त चुकलं नाही. कुणालाच कळलं नाही.

मला कळलं, भीमा. उशिरा कळलं, पण मी तुझा मास्तर आहे.

आठ दिवसांपूर्वी सरांचा फोन आला. “गुरुजी, बाटली मी घरी न्यायलोय, विभाग स्मृतिचिन्ह म्हणून देतोय. तुमच्या हातानं दिली तर माझ्या नोकरीचं सार्थक झालं.” मी होय म्हटलं. आवाज किती मायेचा होता! बाटली एकदा घरच्या शोकेसमध्ये गेली, की साक्षीदार गेला. अपेक्षाचं प्रकरण अर्धवट, पालमला बाप लग्नाची बोलणी काढून बसलाच आहे. आणि मनूचं नाव अजरामर. सगळं किती छान जुळत होतं.

काल रात्री कस्तुराला सांगितलं, मी काय करणार ते. ती म्हणाली, “तुमी त्या बाटलीला हात लावला, तर मला तुमच्या हातचं पाणी नको.” मी म्हटलं, “खोट्यावर पोरीचं नाव ठेवायचं का?” ती म्हणाली, “खोटं असंल! माझ्या लेकीनं शेपूट येताना रोज बघितली. ती शेपूट खरी हाय. तुमचं शास्त्र खोटं.”

सकाळी निघताना ती दारात आली नाही.

असो. आता माझं काम करतो. ही काचपेटी. जड आहे बरं का. सर, तुम्ही उठू नका, शाल घसरेल. वहिनी, त्यांना धरा जरा. हातही पुढे करू नका, सर. फोटोवाल्यांची पंचाईत होते.

अपेक्षा, बाळ, इकडे ये. खांबाआड लपू नको. तुझे सर निवृत्त झाले आज. आता तुला कुणी रागावणार नाही. ये. दोन्ही हातांनी धर. अशी. टाळ्या नकोत, मंडळी, कृपा करून टाळ्या नकोत. ही काही आनंदाची गोष्ट नाही. प्राचार्य साहेब, ही पेटी आपल्या महाविद्यालयाची आहे, कुणाच्या घरची नाही. ती आता या मुलीच्या हातात आहे, आणि या सभागृहातल्या सगळ्यांनी ते पाहिलं आहे.

स्टेशन रोडवरच्या एक्स-रेवाल्याशी मी बोलून ठेवलं आहे. तो तयार झाला. त्यानं हसून मला विचारलं, “गुरुजी, पेशंटचं नाव काय लिहू?” मी म्हटलं, “मनकर्णा लिही. एवढ्या वेळेला लिही. यापुढे हिला त्या नावानं कुणी बोलावणार नाही.”

मला बोलावल्याबद्दल महाविद्यालयाचे, अध्यक्षांचे, चहा देणाऱ्या मुलांचे आणि माझी गाडी चुकू नये म्हणून बाहेर रिक्षा उभी करून ठेवणाऱ्याचे मनापासून आभार. सरांना निवृत्तीच्या शुभेच्छा. तब्येतीला जपा, पाठांतर चालू ठेवा. आजच्या दिवशी जिथे गोड बोलायला हवं होतं तिथे माझी जीभ कडू झाली असेल, वडीलधाऱ्यांची मर्यादा सुटली असेल, तर माझं वय पाहून पदरात घ्या. जे बोललो त्यातलं एकही अक्षर मात्र परत घेता येणार नाही, त्याबद्दल वेगळी क्षमा मागतो.

आता पिंगळीला जाईन. दार उघडं असेल, असं धरून चालतो. दिवा लागला की भिंतीवरची ती येईल आणि चुकचुकेल. कस्तुरा टिचकी मारेल, आणि मग काय म्हणेल, ते ऐकायला मला घरी गेलं पाहिजे.

नमस्कार.